‘गेम ओव्हर’ म्हणा की राव!

कॉन्ट्रा ते बीजीएमआय, व्हाया लोडशेडिंग! कोणता गेम खरंच भारी आणि कोणता नुसता डोक्याला शॉट? लोणखेड्यात ‘दुसरा रिमोट’ घेऊन वाढलेल्या एका पुणेकर गेमर मुलीची एकदम पर्सनल मतं.

एक सोपा प्रश्न. तुम्ही शेवटचा गेम ‘संपवला’ कधी? खेळलात कधी, हे नाही विचारत. खेळता तर रोजच. कंपनीच्या बसमध्ये, लंचनंतर, आणि खरं सांगायचं तर सोमवारच्या रिव्ह्यू कॉलमध्ये म्यूटवर असतानासुद्धा. पण शेवटच्या बॉसला लोळवलं, स्क्रीनवरून नावांची यादी सरकायला लागली आणि तुम्ही हात झटकून ‘चला, सुटलो’ म्हणालात, असं शेवटचं कधी झालं?

आठवत नाहीये ना? बहुतेकांना नाही आठवत. कारण हल्लीचे गेम संपतच नाहीत, ते हजेरी मागतात. आज लॉगिन केलंत तर एवढी नाणी, सलग सात दिवस केलंत तर बंदुकीला नवा रंग, महिन्याचं टार्गेट पुरं केलंत तर झगझगीत जॅकेट. कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय? करेक्ट. आपला एचआर असंच बोलतो. दिवसभर एक नोकरी करायची आणि रात्री अंथरुणात पडून दुसरी, तीही बिनपगारी! म्हणून माझा फंडा क्लिअर आहे. ज्या गेमला शेवट आहे, किंवा निदान पॉजचं बटण आहे, तो खरा गेम. बाकीच्यांबद्दल माझी मतं जरा तिखट आहेत. शेवभाजी खाऊन वाढलेल्या माणसाची असतात तशी.

स्टार्ट बटण कुणाकडे?

लोणखेडा म्हणजे शहाद्याला खेटून, गोमाईच्या काठचं गाव. ऊस, केळी, पपई. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षी दिवाळीत आमच्या घरी व्हिडिओ गेम आला. मला विचाराल तर दुसरी घटना जास्त ऐतिहासिक. मामांनी सुरतेहून आणलेला तो डबा म्हणजे निन्टेन्डोनं १९८३ मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल होती. आमच्यासाठी त्याचं नाव एकच, ‘व्हिडिओ गेम’. कॅसेटवर छापलेलं ‘९९९९९९ इन वन’, आणि आत मोजून दहा-पंधरा गेम. बाकी सगळे तेच, नाव बदलून. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. अख्ख्या भारताचं सर्व्हिस सेंटर ते!

डब्याबरोबर रिमोट दोन. पहिला दादाचा, हे ठरलेलं. दुसरा माझा. आणि दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती. हा काही धाकट्यांवरचा लोकल अन्याय नव्हे बरं का. अस्सल जपानी फॅमिकॉमचाही दुसरा रिमोट असाच होता, फक्त त्यावर एक छोटा माइक होता. आमच्या डब्यात तोही नव्हता. म्हणजे गेम सुरू करणार दादा, पॉज करणार दादा, आणि आईनं हाक मारली की उठायचं मात्र मी.

त्यामुळे सुपर मारिओबद्दल मी जे बोलणार आहे त्यानं काही लोक दुखावतील. १९८५ चा हा गेम महान आहे, मान्य. उड्या मारणं या एका गोष्टीत इतकी मजा कुणीच भरली नव्हती. पण दोघांनी खेळायचा तर आळीपाळीनं! दादाचा मारिओ मरेपर्यंत मी बसून राहायचं, आणि दादा लवकर मरायचा नाही. दुसऱ्याच्या मरणाची वाट बघायला लावणारा गेम फॅमिलीसाठी चांगला कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

याउलट कॉन्ट्रा! कोनामीनं १९८७ मध्ये आर्केडसाठी काढला, पुढच्या वर्षी घरगुती मशीनवर आणला. दोघं एकाच वेळी, एकाच स्क्रीनवर, खांद्याला खांदा लावून. निळ्या पँटवाला दादा, लाल पँटवाली मी. तिसऱ्या लेव्हलला धबधबा लागतो, आठवतंय? वर चढत जायचं, आणि एकजण घाईघाईनं वर गेला की स्क्रीन सरकते आणि मागे राहिलेला खाली पडून मरतो. गोळी नाही, राक्षस नाही, केवळ जोडीदाराच्या घाईमुळे. मी त्या धबधब्यावर किती वेळा मेले असेन त्याचा हिशोब नाही. पण त्याच गेममध्ये दुसरी सोयसुद्धा होती. तुमच्या लाइफ संपल्या तर जोडीदाराच्या शिल्लक लाइफमधली एक उचलता यायची, न विचारता. धबधब्याचं उट्टं मी तिथं काढायचे.

तीस लाइफच्या कोडची गोष्टही सॉलिड आहे. वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे करत तो मारायचा. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरनं तो आधी ग्रेडियस नावाच्या गेमसाठी लिहिला होता, १९८६ मध्ये. का? तर टेस्टिंग करताना त्याला स्वतःलाच तो गेम झेपेना! आमच्याकडे तो कोड शाळेतल्या कुणाच्या तरी मोठ्या भावाकडून आला, आणि वहीच्या शेवटच्या पानावर बाणांनी काढून ठेवला होता. हाशिमोतो २०२० मध्ये गेले. कोड अजून बोटांत आहे.

आणि मुख्य म्हणजे कॉन्ट्रा संपतो. आठ लेव्हल, जमलं तर अर्धा तास. मग बेट उडतं, हेलिकॉप्टर निघून जातं आणि आई म्हणते, झालं का एकदाचं?

लाइट गेली, जोन्स मेला

त्यानंतर पीसी आला, आणि पीसीबरोबर आयजीआय. आजच्या पोरांना ‘प्रोजेक्ट आयजीआय’ म्हटलं तर तोंडाकडे बघतात, पण २००० सालच्या डिसेंबरमध्ये आलेला हा नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओचा गेम आपल्याकडे जितका खेळला गेला तितका त्यांच्याकडे तरी खेळला गेला असेल का, मला शंका आहे. डेव्हिड जोन्स हा एकटा माणूस, बर्फातले लष्करी तळ, चौदा मिशन. आणि मिशनच्या मध्ये सेव्हच नाही! चाळीस मिनिटं दबकत दबकत शेवटच्या दारापर्यंत या, तिथं कोपऱ्यातल्या एका शिपायानं गोळी घातली की पहिल्यापासून सुरू.

आता यात आमच्या भागातलं लोडशेडिंग मिसळा. २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी खेड्यात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. अर्धा दिवस लाइट नाही, वेळापत्रक पेपरात छापून येणार आणि वीज ते पाळणार नाही. जोन्स शत्रूच्या गोळीनं कमी आणि महाराष्ट्रातल्या विजेच्या तुटवड्यानं जास्त मेला, असं आमच्या घराचं तरी स्कोअरकार्ड आहे. यूपीएस कोकलायला लागला की दादा ओरडायचा, ‘पय रे भो, पय!’ म्हणजे पळ. आणि तो जोन्स बिचारा अलार्म वाजवत, लपणंबिपणं सोडून दाराकडे धावत सुटायचा. माझ्या मते जगात कुणीही आयजीआय इतक्या थ्रिलमध्ये खेळलेला नाही. गेम म्हणून बघाल तर त्याचे शिपाई ठार बावळट आहेत, भिंतीआडून बघायची धड सोय नाही. पण ते एकटेपण, तो वारा, ती दुर्बीण... आजच्या शंभर जणांच्या धुमश्चक्रीत ते नाही म्हणजे नाही.

व्हाइस सिटी? आला २००२ मध्ये, पीसीवर २००३ मध्ये, आणि माझ्या मते तो गेम फारच थोड्या लोकांनी खेळलाय. बाकीचे त्यात नुसते मोकाट फिरले. ‘पॅन्झर’ टाइप करायचं, आभाळातून रणगाडा पाडून घ्यायचा, गावभर धिंगाणा. स्टोरी खेळायला बसलेले सगळे त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरच्या मिशनवर अडकले. बांधकाम चालू असलेली बिल्डिंग, आत चार बॉम्ब नेऊन ठेवायचे, आणि हेलिकॉप्टर आहे की माशी तेच कळत नाही! ते मिशन पार केलेला मुलगा आमच्या कॉलनीत दोन वर्षं भाव खात होता. काउंटर-स्ट्राइकबद्दल मी फार बोलणार नाही. तो कॅफेत बसून खेळायचा गेम, आणि शहाद्याच्या कॅफेत तेव्हा मुली बसत नसत. मी तो पुढं पुण्यात ऑफिसच्या लॅनवर खेळले. रात्री दहानंतर, आणि आमच्या टीम लीडला डस्ट-टूच्या बोगद्यात गाठून मारण्यात जे सुख आहे ते कुठल्याच अप्रेझलमध्ये नाही.

संपत नाही, पण चालेल!

आता माझ्याच फंड्याला छेद देणारा गेम. ईएचा क्रिकेट ०७. नोव्हेंबर २००६ मध्ये आला, आणि त्यानंतर कंपनीनं क्रिकेटचं दुकानच बंद केलं. फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या खेळाडूंची नावं खरी, बाकी टीमांचं लायसन्स नाही, त्यामुळे आपले सगळे हिरो वाकड्या नावांनी खेळणार. फिल्डर दगडासारखे. पुढे येऊन मारलेला एकच शॉट दर बॉलला सिक्स जाणार. थोडक्यात गेम म्हणून शंभरातले पस्तीस मार्क, तेही ग्रेस धरून.

आणि तरी तो मेला नाही. कंपनीनं सोडून दिला, पण खेळणाऱ्यांनी सोडला नाही. कुणीतरी खरी नावं घातली, कुणी आयपीएलच्या जर्सी शिवल्या, कुणी स्टेडियम उभारली. फुकट, रात्री जागून. लोणखेड्यात दादाच्या जुन्या पीसीवर तो अजून आहे. मार्क निकोलस आणि रिची बेनॉ कॉमेंट्री करतात. बेनॉ २०१५ मध्ये गेले, पण आमच्या माळ्यावरच्या खोलीत ते अजून आमच्या कव्हर ड्राइव्हचं कौतुक करतात. लोकांनी प्रेमानं लांबवलेला गेम आणि कंपनीनं पैशासाठी लांबवलेला गेम, यातला फरक हातात घेतल्यावर पाच मिनिटांत कळतो.

एज ऑफ एम्पायर्स टू तसाच. १९९९ चा. खेळणारे सोडेनात म्हणून २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढावी लागली, आणि २०२२ मध्ये भारताचं एक एक्स्पान्शन आलं. त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर! आता शहादा-लोणखेडा पट्ट्यात गुजर समाज मोठा. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप त्या दिवशी नुसता पेटला होता. खेळातले गुर्जर राजस्थान-गुजरातकडचे, घोडे-उंटांवरचे राजे. आमचे ऊस-पपईवाले. एकानं लगेच विचारलं, यात कारखान्याची निवडणूक आहे का?

साप मेला, माणूस मोकळा

मोबाइल गेमवर माझा राग आहे असं समजू नका. नोकियाच्या सापावर माझं जिवापाड प्रेम आहे. तानेली आर्मान्तो या इंजिनिअरनं १९९७ मध्ये ६११० या फोनसाठी तो बसवला. आमच्या घरी ११०० आला तेव्हा बाबांच्या खिशातून तो पळवणं हाच मोठा गेम होता. साप वाढतो, स्वतःलाच धडकतो, मरतो. विषय संपला. टेट्रिस तसाच. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडे बघायला जातात, मी तिथून ब्रिक गेम घेऊन आले होते. मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोवनं १९८४ मध्ये बनवलेला गेम तापीकाठच्या दत्ताच्या यात्रेत प्लॅस्टिकच्या डबीत विकायला होता, याचं मला आजही नवल वाटतं.

टेट्रिसमध्ये तुम्ही हरणारच, कधी हरता एवढाच प्रश्न. हे किती वर्षं सगळे धरूनच चालले होते. पण डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या १३ वर्षांच्या मुलानं निन्टेन्डोवरचा टेट्रिस इतका लांब नेला की १५७ व्या लेव्हलला बिचारा गेमच गोठला. माणूस हरला नाही, मशीन हरलं!

आणि मग २०१२ मध्ये कँडी क्रश आला. पाच लाइफ. संपल्या की अर्ध्या तासाला एक मिळणार, नाहीतर पैसे टाका, नाहीतर मित्रांकडे मागा. कॉन्ट्रामध्येही मी लाइफ मागूनच जगत होते म्हणा, पण तिथं दादा शेजारी बसलेला असायचा. इथं दहावीनंतर न भेटलेल्या मैत्रिणीची ‘मला लाइफ पाठव’ अशी रिक्वेस्ट रात्री दोनला येते. लेव्हल हजारोंनी, आणि रोज वाढताहेत. ही गोड चिकाटी आहे की वसुली? पैशावर खेळायच्या ॲप्सचं तर बोलूच नका. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदी आणली, बरंच झालं. पण त्यांना मी गेम मानतच नव्हते.

वाईट गेम, चांगला कट्टा

आता अवघड विषय. पबजी, म्हणजे आताचा बीजीएमआय. २०१८ मध्ये आला तेव्हा जिओच्या स्वस्त डेटानं गावोगाव रस्ता करून ठेवलाच होता. माझं मत स्पष्ट आहे. हा लोभी गेम आहे. पॉज नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी उठता येत नाही, कारण तुम्ही उठलात तर चौघांची टीम तीनची होते. रोजची मिशन, सीझनचा पास, पेट्या, स्किन. माझ्या मामेभावानं बंदुकीच्या रंगावर जेवढे पैसे घातले तेवढ्यात खऱ्या घराला रंग झाला असता.

आणि तरीही तो माझ्या फोनमध्ये आहे. कारण शनिवारी रात्री साडेदहाला दादा लोणखेड्यातून, मामेभाऊ सुरतेहून, एक मित्र नाशिकहून आणि मी पुण्याहून, असे चौघं विमानातून उडी मारतो. हेडफोनमध्ये ‘पय रे भो’ आणि ‘मरी गऊ रे’. दादा मला ‘ओ बहिणाबाई, मागं बघ’ म्हणतो. गोळ्या चुकवता चुकवता कळतं की केळीला भाव नाही, बाबांची शुगर वाढलीय, शेजारच्यांची पपई गारपिटीत गेली. आमचा दादा फोनवर बोलणाऱ्यातला नाही. फोन केला की ‘जेवली का?’, ‘हो’, ‘बरं, ठेवतो’. बंदूक हातात असली की माणूस तासभर बोलतो!

२ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं ११८ ॲप्सवर बंदी जाहीर केली, त्यात पबजी होता. ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय नावानं तो परत आला. मधले आठ महिने दादा आणि माझ्यात ‘जेवली का’च्या पलीकडे गाडी गेली नाही. त्याच काळात त्यानं विहिरीसाठी मोठं कर्ज काढलं, आणि मला ते वहिनीकडून, तेही कर्ज उचलून झाल्यावर कळलं. पुढं जुलै २०२२ मध्ये गेम पुन्हा स्टोअरमधून गायब झाला, तेव्हा मी पहिल्यांदा हादरले ती रँकसाठी नाही.

मध्यंतरी आम्ही कट्टा बदलायचा म्हणून लुडो किंगही करून बघितला. नवी मुंबईत बनलेला गेम, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अख्ख्या देशानं खेळलेला. आई-बाबाही आले. पण लुडोत भांडणं होतात, गप्पा होत नाहीत.

राजी, गोलू आणि आमची भाची

शेवट असलेले गेम आज बनतच नाहीत असं नाही. आपल्या पुण्यातच बनलाय की! नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न फसला, संस्थापकांपैकी एकीनं घर विकलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला. त्या वर्षीच्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नॉमिनेशनही मिळालं. गोष्ट काय? राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवतात आणि बहीण त्याला शोधत निघते. हवेल्या, कमळं, भिंतींवरची चित्रं, डोळे निवतात. मारामारी मात्र तिसऱ्या तासानंतर तीच ती वाटते, आणि शेवट असा तुटक की मी दोनदा तपासलं, गेम हँग झाला की काय. पण पाच-सहा तासांत गोष्ट सांगून तो तुम्हाला घरी सोडतो. आणि एक बहीण पहिला रिमोट घेऊन भावाच्या मागे जाते. माझं मत बायस्ड आहे, असू दे.

टोरांटोच्या विसाई गेम्सचा २०२३ चा ‘वेंबा’ तर दीड तासात संपतो. कॅनडात गेलेली तमिळ आई, तिची फाटलेली रेसिपीची वही, आणि आपण इडलीचं भांडं नीट लावायचं. बाफ्टा मिळालं त्याला. तो संपवल्यावर मी आईला फोन करून कळण्याच्या भाकरीचं प्रमाण विचारलं. आमच्या भरीत-भाकरीवर असा गेम कुणी काढला तर पहिली कॉपी माझी!

आणि सध्या? सध्या ‘इट टेक्स टू’. २०२१ चा, त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर. तो एकट्याला खेळताच येत नाही. दोघंच हवेत, आणि एकानं विकत घेतला की दुसऱ्याला फुकट. मी पुण्यात घेतला. तिकडे दादानं गेमिंग लॅपटॉप घेतलाय, घरात सांगितलंय ‘पोरीच्या अभ्यासासाठी’. पोरगी सातवीत आहे. पहिल्या रविवारी दादा खेळायला बसला, दुसऱ्या रविवारी तिनं त्याला उठवलं. आता तो मागे खुर्ची टाकून बसतो आणि ‘उडी मार, उडी मार’ करतो, आणि ती त्याला गप्प बसवते.

आम्ही कुकू क्लॉकच्या चॅप्टरपर्यंत आलोय. तिची घाई जबरदस्त आहे, थेट बापावर गेलीय. मी मागे राहते, मरते. पण लोणखेड्यात लाइट अजूनही मधूनच जाते, आणि वायफाय गेलं की दोन मिनिटांत मला तिचा फोन येतो. ‘आत्या, पॉज.’